दिवा विझला, हवा तशीच

मिनियापोलिस, जानेवारी

ती. बाबांस,


"जावयांची गाडी बिघडली म्हणे?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. आईने माझं अर्धंच ऐकलेलं दिसतं. गाडी ठणठणीत आहे. घोळ झाला तो एका पिवळ्या दिव्यावरून, आणि तो फोनवर नीट सांगता येत नाही, कारण हे शेजारच्याच खोलीत कान टवकारून बसलेले असतात. म्हणून पत्र.

त्या सकाळी पारा शून्याखाली 18 वर होता. हे मुलांना शाळेत सोडायला निघाले, तर स्टिअरिंगपुढे खाली बसलेल्या टायरचं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह. धाकटी म्हणाली, "गाडी ओरडतेय." पण हे पडले सॉफ्टवेअरवाले. त्यांच्याकडे कुठल्याही दुखण्यावर पहिलं औषध एकच, बंद करून पुन्हा चालू करा. गाडीचं पुस्तक काढलं, रिसेटचं बटण शोधलं, दाबून धरलं. दिवा गेला. स्वारी दिवसभर खुशीत.

मला मात्र तुमची एमआयडीसीतली कंट्रोल रूम आठवली. हूटर वाजला की ऑपरेटर अ‍ॅक्नॉलेज दाबतो, आवाज थांबतो, पण कारण गेल्याशिवाय पॅनेलवरचा दिवा जात नाही आणि रिसेट सगळ्यात शेवटी, हे तुम्ही जेवताना किती वेळा ऐकवलंत! मी ते यांना सांगितलं. म्हणाले, "तुझे बाबा केमिकलवाले. ही गाडी आहे." बाबा, हे वाक्य मी मुद्दाम शब्दशः लिहिलंय.

गंमत अशी की आमच्या या गाडीत टायरची हवा मोजणारं काहीच नाही. ब्रेकच्या एबीएससाठी चाकांपाशी जे सेन्सर असतात, तेच चाक किती भरभर फिरतं ते बघतात. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, घेर लहान होतो, मग तेवढंच अंतर जायला त्या चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात. त्यावरून गाडी ताडते. आणि रिसेट दाबणं म्हणजे तिला सांगणं, बाई गं, आत्ता आहे तेच बरोबर, इथून पुढे याच्याशीच ताडून बघ. यांनी बसका टायरच आदर्श ठरवून टाकला!

शेवटी पंपावर मीच गेले. बोईसरला नवापूर रोडवर काच खाली करून "बत्तीस मार रे" म्हटलं की झालं. इथे तो पोऱ्या नाही. मशीनला पैसे आपण द्यायचे, थंडीने काठी झालेली नळी आपण ओढायची, आणि हातमोजा काढल्याशिवाय व्हॉल्व्हचं टोपण निघत नाही. ते निघालं आणि बर्फात पडलं. अजून तिथेच आहे.

तीन टायरांत 29 भरली, मागच्या डाव्यात 24. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर 35 लिहिलंय. तिघांची गोष्ट नुसत्या थंडीची: पारा साडेपाच अंश उतरला की साधारण एक पौंड कमी होतो. 20 अंशांत 35 भरलेला टायर उणे 18 ला साडेअठ्ठावीसच्या आसपास दाखवतो, एक बुडबुडा न सुटता. चौथ्यात मात्र खिळा निघाला. पंक्चर काढलं, चारही टायर 35 वर आणले आणि मग बटण दाबलं. यांनीच दाबलं, तो मान मी ठेवला.

हे दिवे इथे कायद्याने आले. 2000 साली फायरस्टोनचे टायर लावलेल्या फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या अपघातांचं प्रकरण गाजलं, दोनशेहून अधिक माणसं गेली होती. त्याच वर्षी संसदेने कायदा केला. सप्टेंबर 2007 पासून इथल्या प्रत्येक नव्या मोटारीत ही सोय असतेच. नेमून दिलेल्या दाबापेक्षा पाव हिस्सा हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे दिवा लागायची वाट बघणं हाही शहाणपणा नव्हे, पण ते यांना कोण सांगणार?

दादाच्या नव्या गाडीतही हा दिवा आहे ना? त्याला सांगा, हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. बोईसरहून घरी येईपर्यंत टायर तापतो आणि दोन-चार पौंड फुकटचे दाखवतो. आणि गाडीत स्टेपनी आहे का तेही बघायला सांगा. 2020 पासून आपल्याकडे हा दिवा आणि पंक्चरचं किट दिलं तर स्टेपनी नसली तरी चालते. डिकी उघडून हे चिंचणीच्या रस्त्यावर रात्री कळायला नको.

आईला नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ पोचला, अर्धा यांनीच संपवला. इथल्या मराठी मंडळातलं कोणी तिकडे आलं तर सुके बोंबील पाठवू नका. मागच्या वेळी ते आणणाऱ्या बिचाऱ्याचे सगळे स्वेटर धुवावे लागले.

तुमची,
ताई

ता. क. आज माझ्या गाडीतला दिवा आधी मिनिटभर लुकलुकला, मग तसाच राहिला. म्हणजे यंत्रच आजारी, हवेचं काही सांगता येत नाही. माझ्या गाडीत चाकाच्या आत खरोखरचे सेन्सर आहेत. एकाची बॅटरी संपली असावी आणि ती बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच नवा घ्यावा लागतो. हे खाली गॅरेजमध्ये बटण शोधताहेत. या गाडीला ते बटणच नाही. मी अजून सांगितलेलं नाही.