सातव्या प्रकारचा पडदा

नेटवर्क स्विचची कॉन्फिगरेशन फाइल व्हेंडरला मेल करताना सगळे निर्धास्त असतात. पासवर्ड दिसतोय कुठे? तिथे सातचा आकडा आणि पुढे अगम्य अक्षरांची रांग. सिस्कोच्या स्विचवर 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' एवढी एक ओळ लिहिली की हा चमत्कार घडतो. नावातच एन्क्रिप्शन आहे म्हटल्यावर ऑडिटवाले साहेब टिक मारतात, चहा घेतात, निघतात.

अडचण इतकीच की या 'टाइप ७'ची किल्ली सगळ्या उपकरणांत एकच, आणि तीही १९९०च्या दशकापासून जगजाहीर. ती रांग उलगडणारी फुकट साधनं इंटरनेटवर ढिगाने आहेत. हे फक्त मागून डोकावणाऱ्यांपुरतं आहे, असं कंपनीनेही लपवलेलं नाही. वाचतो कोण!

मग आला 'टाइप ४', सुधारित. ठरलं होतं सॉल्ट, म्हणजे पासवर्डगणिक वेगळी यादृच्छिक भर, घालून हजार फेऱ्यांचं हॅशिंग, म्हणजे उलटं न फिरणारं रूपांतर. प्रत्यक्षात सॉल्ट गायब, फेरी एकच. २०१३ साली कंपनीनेच हे कबूल केलं. जुना 'टाइप ५' त्यापेक्षा बरा निघाला.

उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एसएनएमपी प्रोटोकॉलची कम्युनिटी स्ट्रिंग म्हणजेही पासवर्डच, पण तिला तर हा पडदाही नाही. ती फाइलमध्ये उघडीच बसते आणि पुष्कळदा तिचं नाव असतं 'प्रायव्हेट'.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या सुरक्षा संस्थेने स्पष्ट लिहिलं: टाइप ८ वापरा; ० (म्हणजे उघडा पासवर्ड), ४ आणि ७ नकोत. तेव्हा फाइलीत सात दिसला, तर नुसता प्रकार बदलून थांबू नका. पासवर्डही बदला.