समीकरणकाका

रायपूरच्या मराठी वस्तीत (तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी असा पट्टा धरून चला) दर दोन-चार गल्ल्यांमागे एक समीकरणकाका भेटतात. गणिताचे व्याख्याते. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं असं ते सांगतात; फौजेत काय करत होतं ते सांगत नाहीत. बोलणं नागपुरी, हिशेब हिंदीत आणि राग इंग्रजीत. दिवेलागणीनंतर त्यांना फोन करायचा नाही, कारण तेव्हा ते "पेपर सेट करून राहिले" असतात.

पेपर सेट करणं म्हणजे प्रश्न काढणं नव्हे. प्रश्न नोकरी लागली तेव्हापासून तयार आहेत, बदलतात ते आकडे. खरं काम ते प्रश्न कॉम्प्युटरच्या गळी उतरवण्याचं. तशी शहरात टायपिंगची दुकानं काय कमी आहेत? कचहरी चौकात शपथपत्र चहा संपायच्या आत हातात पडतं. विद्यापीठाच्या आसपास प्रबंध रातोरात बांधून मिळतो. पण पानावर इंटिग्रलचं चिन्ह दिसलं की दुकानातला पोरगा तेवढी जागा कोरी सोडतो आणि म्हणतो, "ये पेन से लिख लेना, सर." काकांचा जन्म त्या कोऱ्या जागेसाठी झालेला आहे.

काका हिंदी टाईप करतात ते कृतिदेव फॉन्टमध्ये. यात आत इंग्रजी अक्षरच राहतं, पडद्यावर फक्त देवनागरी दिसतं. एक्सची कळ दाबली की ग उमटतो, वायची दाबली की ल, आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी चक्क त्र. म्हणजे फॉन्ट न बदलता 'एक्स बरोबर वाय' टाईप केलं, तर कागदावर येतं 'गत्रल'. दर एक्सला फॉन्ट बदला, एक्स टाका, परत या. एकदा रात्री उशिरा विसर पडला आणि बारावीच्या पोरांपुढे 'यदि गत्रल, तो सिद्ध कीजिए' असा प्रश्न गेला. दोघांनी सिद्धही केलं. काकांनी त्यांना पायऱ्यांचे गुण दिले.

घातांकांचं दुखणं निराळं. जुन्या पेपरातून मजकूर उचलून नव्यात चिकटवला की वर बसवलेला आकडा कधीकधी निमूट खाली उतरतो. दहाचा उणे तिसरा घात होता, तो नुसता 'दहा उणे तीन' झाला. वर्गातल्या सगळ्यांत मठ्ठ पोरानं उत्तर लिहिलं: सात. पूर्ण गुण मागायला त्याची आई घरी आली, आणि दुर्दैवानं बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

वर्गमूळ काका टाईप करत नाहीत, काढतात. इन्सर्टमध्ये जाऊन एक छोटी तिरकी रेघ, एक मोठी तिरकी, एक आडवी. तिन्ही माउसनं जुळवायच्या आणि श्वास रोखून सेव्ह करायचं. "हातानं बसवलेलं पक्कं राहते," असं त्यांचं मत. राहतं, पण घरच्या कॉम्प्युटरवर. छापखान्यात फाईल उघडली की ओळ बोटभर सरकते आणि वर्गमूळ पाचाला सोडून शेजारच्या 'सिद्ध कीजिए'वर जाऊन बसतं.

काका पूर्वी असे नव्हते. वर्डमध्ये इक्वेशन एडिटर नावाचं एक अवजार होतं, डिझाइन सायन्स या कंपनीनं बनवलेलं. त्यावर काकांचा हात बसला होता. २०१७ च्या अखेरीस त्यात सुरक्षेची मोठी खोट जाहीर झाली आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटबरोबर मायक्रोसॉफ्टनं ते काढूनच टाकलं. त्यात केलेली जुनी समीकरणं काकांच्या वर्डमध्ये दिसतात, पण दुरुस्त करता येत नाहीत, गाभाऱ्याबाहेरून दर्शन. काकांच्या अशाच एका समीकरणात उणेच्या जागी अधिक पडलेलं आहे. प्रश्न आवडता, त्यामुळे तो दर वर्षी येतो, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये काका तोंडी जाहीर करतात, "चौथ्यामध्ये अधिक दिसून राहिलं, ते उणे समजा."

वास्तविक २००७ च्या वर्डपासून सोपी सोय आहे. ऑल्ट आणि बरोबरची कळ एकत्र दाबायची, चौकट उघडते. तीत 'ए', तिरकी रेघ, 'बी' असं टाईप करून स्पेस दिली की अपूर्णांक आपोआप खालीवर बसतो. हे त्यांना पुतण्यानं दाखवलं, भाच्यानं दाखवलं, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या एका बी.एस्सी. झालेल्या मुलानंही दाखवलं. काका कौतुकानं बघतात आणि विचारतात, "अन् हे इतक्या लवकर झालं, तर रात्रभर मी काय करू?"

पुण्याची सून आली तेव्हा तिनं लेटेकचा विषय काढला. डोनाल्ड क्नूथ हे प्राध्यापक १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून वैतागले आणि लेटेक ज्यावर उभं आहे ती अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला बसले. वर्षभराचं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. सुनेला यातून लेटेकचा मोठेपणा सांगायचा होता. काका काकूंकडे वळले. "ऐकलं? त्याच्या बायकोनं दहा वर्षं चहा दिला न?"

त्यांचा खरा दावा युरोपावर आहे. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डनं छापलं १५५७ मध्ये. भास्कराचार्य बाराव्या शतकातले. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं; लिहिताना नुसतं या, का, नी. वर्गाला व. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. "सगळं कृतिदेवमध्ये सरळ टाईप होते बाप्पा! टिंबाला अनुस्वाराची कळ आहेच." हे ते अशा आवाजात सांगतात की भास्कराचार्यांनी काकांचा कीबोर्ड बघूनच ग्रंथ रचला असावा.

गल्लीतल्या बायकांनी यंदा हळदीकुंकवाचं आमंत्रण त्यांच्याकडे दिलं. शुभकार्य म्हणून काकांनी मंगल फॉन्ट घेतला आणि एक फेब्रुवारी ही तारीख इंग्रजी आकड्यांत, मध्ये तिरकी रेघ देऊन टाकली. वर्डनं स्पेसबरोबर तिचा सुबक अर्धा करून टाकला. घरोघरी पत्रिका गेल्या: 'दिनांक अर्धा, सायंकाळी पाच.' काकूंनी कपाळावर हात मारला. काका भिंग घेऊन तो अर्धा न्याहाळत बसले होते.

"पाहा, कसा चढवला आपोआप! न मागता देते. अन् मी पाच सप्तमांश मागून राहिलो सहा महिन्यांपासून, तर ढिम्म हलत नाही."