मोकळ्या जागेचे दत्तकविधान

मोकळ्या जागेचे दत्तकविधान म्हणजे महापालिकेचे उद्यान किंवा मैदान देखभालीच्या नावाखाली खासगी संस्थेच्या ओटीत घालणे. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा खालसा केला. मुंबईत रीत उलटी आहे. इथे दत्तक मंजूर झाले की मैदान खालसा होते.

या विधीचे कारण ठरलेले असते: देखभालीचा भार पालिकेला पेलवत नाही. हे कारण सांगणाऱ्या महापालिकेचा २०२३-२४ चा अर्थसंकल्प ५२ हजार ६१९ कोटी रुपयांचा होता. एवढ्या पैशात समुद्रात भराव घालता येतो, डोंगराखालून बोगदे नेता येतात. झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालायला मात्र मोठ्या मनाचा पालक शोधावा लागतो. (मोठ्या मनाच्या पालकांची माया बहुधा मोठ्या भूखंडांवरच जडते. कचराकुंडीशेजारचा त्रिकोणी तुकडा अनाथच राहतो.)

जुन्या काळजीवाहू योजनेत पालकाला भूखंडाच्या काही भागावर बांधकामाचीही मुभा होती. काळजी वाहता वाहता तिथे क्लब आणि जिमखाने उभे राहिले. त्यांतले काही राजकीय नेत्यांशी संबंधित संस्थांचे निघाले, हा योगायोग. जानेवारी २०१६ मध्ये पालिकेच्या महासभेने नवे धोरण मंजूर केले. ओरड झाली, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितले. दत्तक देण्याइतके ते परत घेणे सोपे नसते, हे पालिकेला त्यानंतर कळले. २०२३ मध्ये मसुदा पुन्हा अवतरला आणि नागरी संघटनांनी पुन्हा विरोध केला. मधल्या काळात एक सोय मात्र झाली होती. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यामुळे प्रस्ताव मांडणारा, त्यावर विचार करणारा आणि तो मंजूर करणारा असे तिघे एकाच खुर्चीत मावू लागले.

या विधीची खरी खुबी कायद्याच्या बाजूने पाहिल्यावर कळते. विकास आराखड्यातले उद्यानाचे आरक्षण बदलायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ आडवे येते. राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी, एवढा खटाटोप करावा लागतो. दत्तकात यातले काहीच लागत नाही, कारण आरक्षण बदलतच नाही. नकाशावर हिरवा रंग तसाच असतो. फाटकावरचे कुलूप, पहारेकऱ्याची नोंदवही आणि ‘फक्त सभासदांसाठी’ हा फलक यांना आराखड्यात रंगच नेमून दिलेला नाही.

पवईला मायेचा दुसरा प्रकार अनुभवायला मिळाला, तो सुशोभीकरणाचा. १८९१ मध्ये मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, म्हणून बहुधा त्याच्या काठाचा तरी उपयोग करावा असे ठरले. २०२१ मध्ये सायकल मार्गाचे काम सुरू झाले. याच तलावात मगरी राहतात आणि त्या काठावर येऊन ऊन खातात. मगरींना अर्ज करता येत नाही; आयआयटीतले दोन संशोधक उच्च न्यायालयात गेले. तलाव मानवनिर्मित आहे, त्याला पाणथळ जागांचे नियम लागू नाहीत, असा पालिकेचा युक्तिवाद होता. सात बेटे भराव घालून जोडलेल्या शहरात हा निकष लावला तर संरक्षणाला पात्र असे फारसे काही उरणार नाही. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने मार्ग बेकायदा ठरवला आणि केलेले बांधकाम काढून काठ पूर्ववत करायला सांगितले.

उद्यानाचे भले करण्याची हौस मुंबईपुरती नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्यात आली होती. रुग्णसेवा हे उद्यानापेक्षा मोठे पुण्य, असा त्यामागचा सूर. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो मानला नाही आणि शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. उद्यान खाणारा प्रस्ताव उद्यानाच्या विरोधात कधीच नसतो. तो आरोग्याच्या, क्रीडेच्या, सौंदर्याच्या किंवा काटकसरीच्या बाजूने असतो.

म्हणून मसुदा हरकतींसाठी खुला झाला की ‘हिरवाई वाचवा’ एवढेच लिहून भागत नाही. त्याची गणना भावनेत होते. अर्जात भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक, आराखड्यातले आरक्षण आणि मसुद्यातले आक्षेपार्ह कलम असावे. बांधकाम, शुल्क, प्रवेशाची वेळ आणि कराराची मुदत यांवर वेगवेगळे प्रश्न असावेत. पन्नास सह्यांच्या एका निवेदनाऐवजी पन्नास स्वतंत्र अर्ज द्यावेत, म्हणजे ती एकच हरकत धरण्याचा मोह कोणाला होत नाही. पवईचा बराचसा भाग एस विभागात मोडतो आणि त्याचे कार्यालय भांडुपला आहे. तिथे अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा आणि तो नीट उमटला आहे का, हे खिडकीसमोरच पाहावे.