आंबील ओढ्याचा ताळेबंद

परिसंस्था सेवा म्हणजे निसर्गाच्या रोजच्या कारभारातून माणसाला फुकट मिळणारे लाभ, अशी या संज्ञेची ढोबळ व्याख्या असून २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने पूर्ण झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने त्यांचे पुरवठा, नियमन, आधार आणि सांस्कृतिक असे चार गट पाडले आहेत. या कामी सुमारे तेराशे साठ तज्ज्ञ खपले. मात्र पुण्यात कात्रजच्या डोंगरात उगम पावून पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल अशी वाट काढत मुठेला मिळणाऱ्या आंबील ओढ्याची पाहणी करण्याचा योग त्यांच्यापैकी फारशा कोणास आला नसावा, कारण तसे झाले असते तर चारही गटांच्या व्याख्या बदलाव्या लागल्या असत्या.

पुरवठा सेवेत ग्रंथकार पाणी, मासे, चारा आणि औषधी वनस्पती मोजतात. शहराने या यादीत सर्वांत मौल्यवान वस्तूची, म्हणजे जमिनीची, भर घातली आहे. राडारोड्याचे चार डंपर रात्री काठावर रिते झाले की सकाळी ओढा तेवढा मागे सरकलेला असतो, आणि कोणत्याही सातबाऱ्यावर कधी न नोंदलेल्या या नव्या भूमीवर प्रथम वाहनतळ, मग पत्र्याची शेड व यथावकाश सीमाभिंत उभी राहते. हापूस आंब्यालाही हंगाम लागतो. ओढा मात्र हे पीक बारमाही देतो.

नियमन सेवा म्हणजे पुराचा जोर कमी करणे, पाणी मुरवणे आणि ते शुद्ध करणे. ओढा हे काम तळाकडून करून घेतो: वाळू-गोट्यांच्या फटींत राहणारे जिवाणू सांडपाण्यातील नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, ज्याला विनायट्रीकरण म्हणतात, आणि पाणी उथळ असल्याने त्याचा तळाशी संपर्क मोठ्या नदीपेक्षा अधिक येऊन लहान ओढा आपल्या आकाराच्या मानाने जास्त काम उरकतो. काठावरची करंज, उंबर, वाळुंजासारखी झाडे माती धरून ठेवतात व पाण्याचा वेग मोडतात. हा सर्व पसारा अव्यवस्थित दिसत असल्यामुळे अभियांत्रिकीने तळाला काँक्रीटचे अस्तर लावले आणि पात्राच्या मधोमध मैलावाहिनी टाकून तिची चेंबरे उंच उभारली. पावसाळ्यात या चेंबरांची झाकणे उडून मैलापाणी कारंजासारखे उसळते, तेव्हा सौंदर्यीकरणाचा वेगळा खर्चही वाचतो.

आधार सेवेखाली ग्रंथांत मृदानिर्मिती आणि पोषकद्रव्यांचे चक्र येते. येथे त्याचे स्थान नालेसफाईच्या चक्राने घेतले आहे. मे महिन्यात यंत्राने उपसलेला गाळ काठावरच रचून ठेवला जातो, जूनमधील पहिला दमदार पाऊस तो जसाच्या तसा पात्रात नेऊन ठेवतो आणि पुढील वर्षीच्या निविदेला कच्चा माल मिळतो. द्रव्य नाश पावत नाही, या सिद्धांताचा इतका खर्चिक पुरावा अन्यत्र क्वचितच सापडेल.

सांस्कृतिक सेवेची परंपरा तर जुनी आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी हा ओढा पर्वतीच्या पायथ्याशी अडवून वळवण्यात आला आणि ज्या तळ्यात पुढे सारसबाग फुलली ते तळे त्यातूनच घडले. आजचा नागरिक पुलाच्या कठड्यावरील लोखंडी जाळीला निर्माल्याची पिशवी बरोबर जाईल एवढेच भोक पाडून हा वारसा चालवतो.

मूल्यमापनाच्या पद्धतींपैकी शहराला मानवलेली पद्धत पर्यायी खर्चाची होय. निसर्ग करीत असलेले काम बंद पडल्यास ते माणसाकडून करून घेण्यास किती खर्च येईल, ती रक्कम म्हणजे त्या सेवेचे मूल्य, असे ही पद्धत मानते. अन्य देशांतील अर्थशास्त्रज्ञ हा आकडा कागदावर अंदाजाने काढतात. येथे सेवा आधी प्रत्यक्ष बंद पाडली जाते आणि मग भिंती, मोऱ्या व शुद्धीकरण केंद्रे यांच्या निविदांतून तो रुपये-पैशांसह हाती येतो. पुढील वर्षी सुधारित दरसूचीनुसार त्यात वाढही होते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याने आपले थकलेले येणे एकरकमी वसूल केले. सीमाभिंती कोसळल्या, सोसायट्यांच्या आवारातील वाहने एकमेकांवर चढली, काठच्या वस्त्यांतील घरे पाण्याखाली गेली आणि त्या पावसात शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. जमीन मिळवणारे आणि जीव गमावणारे बहुधा वेगवेगळे होते, ही बाब मूल्यमापनाच्या कोणत्याही तक्त्यात मावत नाही, आणि उपहासाचा अधिकारही तिथेच संपतो.

तेव्हा ओढ्यांचे मूल्य ठरवण्यासाठी आणखी एक सल्लागार नेमण्यापूर्वी एवढेच करावे: तळात काँक्रीट ओतण्याच्या किंवा पात्र अरुंद करण्याच्या प्रत्येक प्रस्तावात, तो तळ आणि तो काठ आज कोणते काम फुकट करीत आहेत व उद्या ते कोणाच्या पैशाने होणार, याचा एक रकाना सक्तीचा असावा, आणि तो भरलेला नसेल तर फाईल पुढे सरकू नये.