हमीपत्रवाल्या साहेबांस

मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब यांसी,


विषय : वडिलांच्या हमीवर मला गाडी चालवू देण्याबाबत.

महोदय,

गेल्या मंगळवारी पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी आपल्या मैदानात एक राखाडी ऑटोमॅटिक गाडी आली होती. स्टिअरिंगवर मी होते, शेजारी बाबा. आपण गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातलीत, माझ्या खिडकीशी आलात, वाकलात आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत बाबांना विचारलंत, "हिचं नाव काय?"

मला बोलता येतं, साहेब. सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते, दिवसभर लोकांना त्यांच्या चुका फोनवर समजावून सांगते. पण म्हटलं, असेल इथली पद्धत. मग "हिला ब्रेक लागतो का?", "हिला चक्करबिक्कर?", "कशाला एवढा खटाटोप, ड्रायव्हर ठेवा की," हेही सगळं बाबांनाच. बाबा दर वेळी माझ्याकडे बघायचे, मी उत्तर द्यायचे आणि आपण बाबांकडे बघून मान डोलवायचात.

हिला ब्रेक लागतो. डाव्या हाताखाली दांडा आहे. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर. उजव्या हाताला स्टिअरिंगवर मूठ बसवलेली आहे, एका हाताने चाक पूर्ण फिरवता यावं म्हणून. ही जोडणी आपल्याच कार्यालयाने तपासून गाडीच्या आरसीवर चढवली आहे. मी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, सांगितलं तिथे थांबवली. माझ्या आधीच्या मुलाने रिव्हर्स घेताना दोन खांब आडवे केले होते आणि त्याचे ड्रायव्हिंग स्कूलवाले काका बाहेरून "डावीकडे काप, डावीकडे!" असं ओरडत होते. तो पास झाला. त्याचं अभिनंदन. त्याच्या वडिलांना कुणी काही विचारलं नाही.

मला मात्र आपण बाबांमार्फत कळवलंत, की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर वडिलांचं हमीपत्र आणा. त्यात लिहायचं, की मुलगी गाडी चालवते ती माझ्या संमतीने, आणि काही बरंवाईट झाल्यास सर्वस्वी जबाबदार मी. ते आणलं की बघू.

मी तेवीस वर्षांची आहे. २०२४ साली लोकसभेला मत दिलं आणि विधानसभेलाही. तेव्हा बोटाला शाई लावणाऱ्यांनी बाबांची सही मागितली नाही. गाडीचा हप्ता माझ्या पगारातून जातो. नवऱ्याशिवाय, भावाशिवाय आणि शेजारच्या काकूंच्या मताशिवाय मी ही गाडी घेतली. आता ती चालवायला मात्र ज्यांना स्वतःला चाळिशीशिवाय स्पीडोमीटर दिसत नाही, त्या गृहस्थांची हमी हवी!

आपल्या माहितीसाठी थोडा कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कलम १३ म्हणतं, की कायद्याच्या नजरेत माझी क्षमता इतर कुणाच्याही बरोबरीची आहे. कलम १४ म्हणतं, की आधार देऊनही एखाद्याला स्वतःचे निर्णय घेता येत नसतील, तर मर्यादित पालक नेमता येतो. तो नेमायचा जिल्हा न्यायालयाने किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाने. म्हणजे जे काम न्यायाधीश कागद बघून, सुनावणी घेऊन करतात, ते आपण मैदानात, उन्हात, पाच मिनिटांत उरकलंत. कार्यक्षमता म्हणतात ती हीच. आणि आपला स्वतःचा मोटार वाहन कायदा? अशी जोडणी केलेली गाडी चालवायला अर्जदार लायक आहे याची अधिकाऱ्याने खात्री करून घ्यावी, असं तो सांगतो. अर्जदार, साहेब. अर्जदाराचे वडील नव्हेत.

आणि लायसन्स ही काय चीज आहे, तेही बघा. शिकाऊ असताना शेजारी लायसन्सवालं कुणीतरी बसलंच पाहिजे, हा नियम मी मुकाट पाळला. बाबांनी त्यासाठी अख्ख्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी घालवल्या. पक्कं लायसन्स मिळालं की शेजारची सीट रिकामी ठेवता येते. त्या कागदाचा मला एवढाच उपयोग. आणि ते देण्याची आपली अट ही, की बाबांनी त्या सीटवर कायमचं बसावं. अंगाने नाही, तर स्टॅम्पपेपरवर.

त्या सीटवर मला माझी चाकांची खुर्ची ठेवायची आहे. मी गाडीत कशी चढते हे आपण पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. दार सताड उघडायचं. सीट आणि खुर्ची यांच्यामध्ये फळी टाकायची, हातांवर भार देऊन घसरत सीटवर यायचं, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा. खुर्चीची दोन्ही चाकं खटका दाबून काढायची आणि मागच्या सीटवर टाकायची. मग सीट मागे पाडून फ्रेम छातीवरून पलीकडे न्यायची. शर्टाला ग्रीस लागतं. पावसात चाकांचा चिखल मांडीवर. पहिल्या दिवशी या सगळ्यात आमचं दूध तापून उतू जाऊन भांडं करपलं, एवढा वेळ गेला. आता आई कुकर लावते आणि दुसऱ्या शिट्टीला मी गेटबाहेर असते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. आमच्या शहरात एकाही ड्रायव्हिंग स्कूलकडे हाताने चालवायची गाडी नाही, त्यामुळे चालवता येते की नाही हे कळण्याआधी गाडी विकत घ्यावी लागते. सोसायटीत माझ्या दाराला चिकटून लागलेली गाडी "दोनच मिनिटांसाठी" असते. वाढदिवसाला नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची'च्या तीन प्रती येतात; पुस्तक उत्तमच आहे, पण पेट्रोलचं कूपन कुणी देत नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक दिव्यांग भत्ता मिळणाऱ्या पोरांना सतराऐवजी सोळाव्या वर्षीच गाडी चालवायला मिळते, आणि खुर्चीसकट रॅम्पवरून चढून थेट स्टिअरिंगमागे जाता येईल अशा गाड्याही तिथे आहेत. आपल्याकडे मी पाहिलेल्या रॅम्पच्या गाड्यांत खुर्ची मागच्या दाराने आत ढकलतात आणि पट्ट्यांनी आवळतात, फ्रिज हलवल्यासारखी. चालवणारा दुसराच.

असो. आपल्याविषयीही थोडं लिहायला हवं.

आपलं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. "मॅडमना वर आणा," असं शिपाई म्हणाला, तेव्हा "राहू दे, मीच उतरतो," म्हणून आपण खाली आलात. मी गाडीतून बघत होते. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होतात. गुडघे गेलेत आपले. दिवसातून किती वेळा हे करता, कोण जाणे. आणि त्या दांड्याकडे ज्या नजरेने पाहिलंत, त्यावरून वाटलं, की अशी गाडी आपण पहिल्यांदाच बघत असणार. ती कशी तपासायची हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसेल. उद्या मी कुठे धडकले तर "हिला कुणी पास केलं?" ही चौकशी आपल्या टेबलावर येईल, वरचे हात झटकतील, हेही मला कळतं. अंगावर बालंट नको म्हणून कुणाची तरी सही हवी होती. सोबत आपल्याला हवी होती, साहेब.

म्हणून रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पण घरी परतताना बाबा सिग्नलवर हळूच म्हणाले, "देऊन टाकू का गं सही? काय जातं आपलं?" आयुष्यभर ज्यांनी मला "तुझं तू बघ" म्हणून वाढवलं, त्या माणसाला आपण पाच मिनिटांत एवढं दमवलंत. हे मात्र मी विसरणार नाही.

तेव्हा, पुढची तारीख घेतली आहे. बाबा येतील, कारण अजून नियम आहे; येऊन झाडाखाली पेपर वाचत बसतील. प्रश्न मला विचारा. हमीपत्र आणणार नाही. ते हवंच असेल, तर कोणत्या कलमाखाली मागता ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. तो कागद घेऊन मी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयात जाईन. गाडीनेच जाईन. फक्त शेजारी बाबांना बसवावं लागेल, कारण लायसन्स आपल्याकडे अडकलं आहे.

आपली,
अर्जदार