हौसेची वाहतूक कोंडी

पुण्यात वाहतूक कोंडी रोज आणि फुकट मिळते, म्हणून तिची कुणाला किंमत नाही. डेट्रॉइटला मात्र ती वर्षातून एकदा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, हौसेनं भरवतात. वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून जागा धरतात आणि समोरून हजारो जुन्या अमेरिकन गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. फर्नडेलहून निघालेल्या पॉन्टिॲकला पोचतात, वळतात, परत येतात. कुणालाच कुठं जायचं नसतं, त्यामुळे हॉर्नही कुणी चिडून वाजवत नाही.

वुडवर्ड ड्रीम क्रूझ असं या सोहळ्याचं नाव. फर्नडेलच्या मुलांना फुटबॉलचं मैदान हवं होतं. त्यासाठी निधी उभारायला १९९५ साली हे सुरू झालं. तीस-चाळीस हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. आमच्याकडच्या वर्गणीवाल्यांनी इथं एखादा अभ्यासदौरा काढायला हरकत नाही.

माझा मेव्हणा इथल्या एका कंपनीत गाड्यांच्या स्प्रिंगांची गणितं करतो. घरातून निघतानाच त्यानं बजावलं, "दाजी, बघा, वाका, काय वाट्टेल ते विचारा. हात तेवढा लावू नका."

रस्त्यालगतच्या मोकळ्या जागांत गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. आपल्याकडे बॉनेट उघडं दिसलं की चार जण 'गरम झाली वाटतं' म्हणत बाह्या सरसावतात. इथं बॉनेट उघडं म्हणजे गाडी ठणठणीत! शेजारी मालक, मालकाच्या हातात मऊ फडकं. एक आजोबा कानात घालायच्या कापसाच्या काडीनं कार्ब्युरेटर पुसत होते. मी जरा वाकून पाहिलं, तर बंपरच्या क्रोमवर माझा श्वास उमटला. त्यांनी तोही पुसला.

गाडी होती १९५९ ची कॅडिलॅक. लांबी जवळजवळ १९ फूट. मागं दोन उंच पंख आणि त्यांत निमुळते लाल दिवे. ही पंखांची टूम आली दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ या लढाऊ विमानावरून. १९४८ च्या कॅडिलॅकला ते जरा कुठं फुटले होते, अकरा वर्षांत हे असे वाढले. हिला आमच्या सोसायटीत लावायची तर आधी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. मी विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" मेव्हणा एकदम पलीकडची गाडी पाहू लागला. आजोबा शांतपणे म्हणाले, "पेट्रोल पंप दिसला की ती आपणहून वळते."

पलीकडे फोर्डची मॉडेल टी होती. तिला पायाशी तीन पेडलं, पण त्यांत ॲक्सिलरेटर नाही. तो स्टिअरिंगखाली दांडीला. उजवं पेडल ब्रेकचं, मधलं रिव्हर्सचं. पेट्रोल टाकीतून आपसूक इंजिनाकडे उतरायचं; म्हणून टाकी रिकामी होत आलेली असताना मोठा चढ लागला की गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची. बोरघाट पाठमोरा चढून लोणावळ्याला पोचणारं कुटुंब डोळ्यांपुढं आणा!

याच वुडवर्डवर, हायलँड पार्कच्या कारखान्यात, फोर्डनं १९१३ साली सरकती जुळणी सुरू केली आणि साडेबारा तासांचं चॅसीच्या जुळणीचं काम ९३ मिनिटांवर आणलं. समोरच्या गृहस्थांना हीच गाडी पुन्हा जोडायला अकरा वर्षं लागली होती. फोर्डनं वाचवलेला वेळ त्यांनी व्याजासकट फेडला. त्यांच्या पत्नीला मी सहानुभूती दाखवली. विणकामातून मान वर न करता बाई म्हणाल्या, "तो गॅरेजमध्ये होता, म्हणून तर संसार झाला."

सगळ्यात जास्त गर्दी मात्र एड्सेलभोवती. हेन्री फोर्डच्या मुलाचं नाव दिलेली ही गाडी १९५७ साली वाजतगाजत आली आणि १९५९ संपायच्या आत कंपनीला प्रचंड खड्ड्यात घालून बंद झाली. तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळेना; आता तिच्यासोबत फोटो काढायला रांग होती. गाडी कामाची असते तोवर माणूस तिला शिव्या देतो. काम संपलं की प्रेम सुरू होतं.

मेव्हणा बराच वेळ तिथून हलेना. मग हळूच म्हणाला, "दाजी, मी स्प्रिंगा केलेली पहिली गाडी चार वर्षांत बंद पडली. अजून पन्नास वर्षं धीर धरला, की तिच्याही शेजारी मी खुर्ची टाकून बसेन."

"फडकं आत्ताच घेऊन ठेव," मी म्हणालो. "तोपर्यंत महाग होईल."