शीड एक्स्ट्रा

शनिवारच्या संध्याकाळसाठी शिडाची बोट हवी, हे ज्यांना शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर सुचतं, त्यांच्या सेवेसाठी मुंबईत एजंट नावाची जमात रात्रंदिवस जागी असते. कुणाच्या तरी मावसभावाने नंबर पुढे सरकवला की पहिला मेसेज एजंटचाच येतो. 'हो जायेगा सर.' माणसं किती, कधी, कुठून, यातलं अक्षरही आपण अजून सांगितलेलं नसतं.

पाठोपाठ फोटो. पांढरीशुभ्र बोट, वाऱ्याने टम्म फुगलेलं शीड आणि खाली इतकं निळंशार पाणी की ते मुंबई बंदरातलं नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मग दरपत्रक. दोन तासांचे अमुक, जेट्टीचे वेगळे, जीएसटी वेगळा, केक कापणार असाल तर साफसफाईचे वेगळे. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: 'सेल ओपनिंग ऑन रिक्वेस्ट, एक्स्ट्रा.'

शीड एक्स्ट्रा. शिडाच्या बोटीला. मिसळीच्या गाडीवर 'तर्री ऐच्छिक' इथवर आपण समजून घेऊ, पण ही तर मटकीच एक्स्ट्रा झाली! कारण विचारलं तर एजंट चकित होतो. 'सर, इंजिन आहे ना. शीड कशाला?'

त्याचाही दोष नाही. त्याने बोट पाहिलेलीच नसते. त्याने दुसऱ्या एजंटला विचारलेलं असतं, दुसऱ्याने एका 'ऑपरेटर'ला, ऑपरेटरने मालकाच्या माणसाला. उतरंडीतला प्रत्येक जण आपापली भर घालून आकडा खाली ढकलतो. आपण भाबडेपणाने विचारतो, 'त्या वेळी वारा असेल ना?' प्रश्न पायरी पायरीने वर जातो आणि तितक्याच पायऱ्या उतरून उत्तर येतं, 'हो जायेगा सर.' वारासुद्धा!

आता वाऱ्याचं गणित शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलटे वाहतात. पाऊसकाळ सोडला तर मुंबईच्या समुद्रावर दुपार चढते तसा खारा वारा जोर धरतो आणि दिवस कलला की मंदावू लागतो. म्हणजे शीड फुगायची खरी वेळ भर दुपारची. एजंटचा सर्वांत महागडा माल कोणता? सनसेट स्लॉट. वारा पडायला लागतो तेव्हा भाव चढतो. आणि तो स्लॉटही नेहमी 'लास्ट वन सर, टोकन टाका' असाच असतो.

टोकन टाकलं. छोट्या होडीतून सगळे नांगरलेल्या बोटीवर चढले. आता शीड कुठे आहे ते पाहा. डोलकाठीला आडवी जोडलेली जी बूम असते, तिच्यावर ते घडी घालून निळ्या कव्हरमध्ये निजलेलं आहे. कव्हरच्या चेनला मिठाने गंज धरला आहे. आणि कव्हरभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सोनेरी अक्षरांत 'हॅपी बर्थडे' बांधलेलं आहे, दोन्हीकडे फुगे. शीड उभारायचं तर वाढदिवस सोडावा लागणार. डेकोरेशनवाला हा वेगळ्या एजंटचा माणूस. तो म्हणतो, माझ्या अक्षरांना हात लावलात तर डिपॉझिट गेलं. बोटवाला म्हणतो, शिडाचे पैसे भरलेत, आता उघडू नका म्हणालात तरी परत मिळणार नाहीत. शेवटी 'बर्थडे' तेवढा सोडून 'हॅपी' ठेवायचं ठरतं आणि शीड निम्मं वर जातं. वाऱ्याची झुळूक आली की बोट कलते. कलायलाच हवी, कलली तरी उलटू नये म्हणूनच तिच्या पोटाखाली जड कील असते. पण केक घसरतो, आत्या किंचाळतात, मेव्हणे 'बोट वाकडी चालतेय' अशी तक्रार एजंटला लाइव्ह लोकेशनसकट पाठवतात. मग इंजिनावर बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं जातं, बोट सरळ होते, शीड मात्र फुगायचं सोडून नुसतं फडफडतं, फोटो भिकार येतात आणि मेव्हण्यांचा दुसरा मेसेज जातो: 'शीड डिफेक्टिव्ह आहे, पैसे परत करा.'

या सगळ्या जत्रेत एक माणूस गप्प उभा असतो. खलाशी. उधाण कधी, भांग कधी, ओहोटीला कुठला खडक डोकं वर काढतो, वारा अजून किती टिकेल, हे बोटीवर त्या एकट्याला ठाऊक असतं. बुकिंगच्या ग्रुपमध्ये तो नसतो, त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. ज्यांनी दोरीला हात लावला नाही, ते घरबसल्या कमिशन खातात आणि दोरी ओढून ज्याच्या तळव्याला घट्टे पडले, त्याच्यासाठी दरपत्रकात लिहिलेलं असतं 'टिप ऐच्छिक'. याला धंदा म्हणत नाहीत. ही शुद्ध हरामखोरी आहे.

अठराव्या शतकात याच किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना मराठा आरमार पैसे घेऊन दस्तक, म्हणजे परवाना, देत असे. इंग्रज त्याच्या नावाने बोटं मोडत. पण दस्तक देणाऱ्याच्या मागे लढाऊ गुराबा होत्या, तोफा होत्या, आणि या पाण्यात आपला शब्द चालतो ही धमक होती. आज पैसे घेणाऱ्याकडे साधं वल्हंही नाही. हवामान बिघडलं तर टोकन परत नाही, बोट बदलली तर तक्रार चालणार नाही, आणि समुद्रात काही झालं तर 'ॲट युवर ओन रिस्क'.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी रात्री लहर आलीच, तर एजंटला एवढंच विचारा: बोटीवर खलाशी कोण आहे आणि त्याच्याशी थेट बोलता येईल का? शिडाचे जादा पैसे जरूर द्या, पण जो ते वर चढवतो त्याच्या हातात. एजंटचं कमिशन ऐच्छिक.